कला-संगीताचा गावाला उपयोग काय, हे लोकांना कसं सांगायचं? सीमाभागातल्या मंडळांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात भजनी मंडळं, हौशी नाटकवाले, वाचनालयं, गावोगावची साहित्य संमेलनं, झांजपथकं, गाण्याचे क्लास चालवणारी माणसं भेटली की फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. कार्यक्रम चांगला होतोय, खरं त्याचं मोल पंचायतीला, देणगीदाराला, शेजाऱ्याला पटवून देता येत नाही. म्हणून जे नेहमी विचारलं जातं ते एका ठिकाणी लिहून ठेवलंय, लागेल तेवढं घ्या.

"भजनानं, नाटकानं पोट भरतंय काय?" असं कुणी तोंडावर विचारलं तर काय बोलायचं?

आधी चिडायचं नाही. विचारणारा माणूस बहुतेक वेळा कलेच्या विरुद्ध नसतो, त्याला त्याच्या घरापुरतं उत्तर पाहिजे असतं आणि आपण त्याला भाषण देतो. "संस्कृती जपली पाहिजे" हे वाक्य लोकांनी व्यासपीठावरनं इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानाला लागतच नाही. कुणाची संस्कृती, जपायची म्हणजे रोज उठून काय करायचं, आणि नाही जपली तर शेजारच्या वैनींचं काय बिघडणार आहे, यातलं काहीच त्यात येत नाही.

त्यापेक्षा एक माणूस सांगा. प्रत्येक गावात असा एक मामा असतोच, बायको गेलेली, पोरगा पुण्याला कंपनीत, दिवसभर कट्ट्यावर बसून असतो. एकादशीच्या भजनाला पखवाजाला दुसरं कुणी नाही म्हणून त्याला बोलावतात. तो एक दिवस आला नाही की रात्री नऊच्या आत दोघंजण त्याच्या दारात जाऊन बघतात, बरा आहे ना, जेवलास काय. ही सोय पंचायतीनं केलेली नाही, दवाखान्यानं केलेली नाही, भजनानं केली आहे. असं सांगितलं की विचारणारा गप्प बसून ऐकतो, कारण त्याच्याही घरात असं कुणीतरी असतंच.

मग सांगण्यासारखं नेमकं काय काय असतं?

तीन बाजू असतात आणि आपण बहुतेक वेळा एकच सांगतो. एक म्हणजे माणसाला स्वतःला काय मिळतं, गाताना, बघताना, मन कसं होतं. दुसरी म्हणजे गावाला काय मिळतं, माणसं एकत्र येतात, चार जणांना काम मिळतं, पोरं मोबाइल सोडून कशात तरी गुंततात. आणि तिसरी, ही कायम राहून जाते, ती म्हणजे मंडळ लोकांशी कसं वागतं. हिशोब दाखवतं का, सगळ्यांना आत घेतं का, बायकांना बसायला जागा ठेवतं का. गाणं कितीही चांगलं झालं आणि वर्गणीचा हिशोब कुणाला दिसलाच नाही तर पुढच्या वर्षी तुम्ही मोल-बिल काहीही सांगा, लोक दार लावून घेणार.

दिवाळीतले किल्ले घ्या की. बेळगावात गल्लीगल्लीत पोरं किल्ले करतात, तांबडी माती कुठनं आणायची इथपासून सुरुवात, मग दगड, पोती, बुरूज कुठं, तटबंदी कुठनं वळते यावर भांडणं, मोहरी पेरून हिरवळ उगवायची, शेवटी वर महाराज. रात्री घरंच्या घरं चालत किल्ले बघायला बाहेर पडतात, तिकीट नाही, पास नाही. आठवीतलं पोरगं पाहुण्यांना राजगडाच्या माच्या बोट दाखवून समजावून सांगतं, शाळेत जे कधी तोंड उघडत नाही ते. वरच्या तिन्ही बाजू याच एका किल्ल्यात दाखवता येतात. तरी आपण त्याबद्दल कुणाला सांगताना "मुलांच्या कलागुणांना वाव" एवढंच लिहून मोकळे होतो, वाईट वाटतं.

आकडे लागतातच काय? आम्हाला हिशोबाची सवय नाही.

लागतात, खरं थोडेच आणि खरे. अंदाजपंचे "हजारोंच्या उपस्थितीत" लिहायचं बंद करा, ज्या हॉलमध्ये तीनशे खुर्च्या मावतात तिथं हजार माणूस बसत नाही हे गावातल्या सगळ्यांना माहीत असतं. दारात एक वही ठेवा, किती आले, त्यात बायका किती, पंचविशीच्या आतले किती, पहिल्यांदाच आलेले किती, कुठल्या गल्लीतनं कुणीच आलं नाही. ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची.

दुसरं म्हणजे पैसा कुठं गेला ते लिहा. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या एका ट्रॉलीमागं बघा किती हात असतात, ट्रॅक्टरवाला, सांगाडा करणारा वेल्डर, थर्माकोल कापणारा, पडदा रंगवणारा, कपडे शिवणारा शिंपी, फेटे बांधणारा, मेकअपवाला, जनरेटरवाला, साउंडवाला, आणि रात्रभर मिरवणूक बघायला आलेल्या गर्दीला भजी-चहा विकणारे गाडे वेगळेच. मंडळानं खर्च केलेला रुपया गावातच कुणाच्या हातात पडला हे कागदावर दाखवता आलं तर "उधळपट्टी" म्हणणाऱ्याला वेगळं उत्तर द्यावं लागत नाही. फक्त एक काळजी घ्या, हा पैसा नवीन आला असं लगेच म्हणू नका. गावातलाच माणूस सिनेमाला जायच्या ऐवजी तुमच्या नाटकाला आला तर गावाच्या कमाईत भर पडली असं होत नाही. बाहेरगावचे पाहुणे किती आले ते वेगळं लिहा.

"संगीत शिकल्यानं मुलं हुशार होतात" असं क्लासच्या पोस्टरवर टाकू काय?

नको. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या ३६ मुलांवर एक प्रयोग झाला होता, मोझार्टचं संगीत ऐकवून लगेच आकृत्यांची कोडी सोडवायला दिली, तेवढ्यापुरते मार्क वाढले आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरलाही. त्या एवढ्याशा गोष्टीवर जगभर बाळांसाठी सीड्या विकल्या गेल्या. आज आईबापाला हुशारी विकून बोलावलंत आणि सहामाहीत गणितात मार्क वाढले नाहीत तर ते मुलाला क्लासमधनं काढणार, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता पण येणार नाही.

जे खरं आहे ते पुरेसं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २०१९ साली ३००० च्या वर अभ्यास एकत्र करून अहवाल काढला, त्यात आजार टाळायला, मनाचा तोल सांभाळायला, दुखण्यातनं सावरायला कलेची मदत होऊ शकते असं सांगितलंय. मदत होऊ शकते, बरं का, औषधाच्या जागी नाही. पोस्टरवर साधं लिहा, मूल रोज अर्धा तास एका जागी बसून सूर लावायला शिकतं, चार लोकांत गायला उभं राहतं, दुसऱ्याचं ऐकून घेतं. हे आईबापाला घरबसल्या दिसतं, कुणी सिद्ध करून द्यायला लागत नाही.

आपल्या भागाचा इतिहास सांगायचा झाला तर काय सांगायचं? लोक म्हणतात पुण्या-मुंबईतच सगळं झालं.

हे ऐकलं की मला राहवत नाही. मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले १८४३ साली गुर्लहोसूरला, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यात. काही वर्षं बेळगावात नोकरी केली, ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात शाकुंतल रंगमंचावर आणलं, १८८२ ला सौभद्र, आणि १८८५ ला गुर्लहोसूरलाच गेले. त्यांच्या पदांच्या चालींत कर्नाटकी चाली किती मिसळल्यात हे जुन्या गाणाऱ्यांना विचारा. त्याच्या आधी, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते कशावरनं? कर्नाटकातनं आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी बघितले आणि असं मराठीत करा म्हणाले, तिथनं ते नाटक उभं राहिलं. म्हणजे मराठी रंगभूमीच्या मुळाशी कन्नड मंडळींचा खेळ आहे, आणि ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तेव्हा ही गोष्ट आपल्या भागानं तरी मोठ्यानं सांगायला पाहिजे.

पुढं बघा. कुमार गंधर्व जन्मले ८ एप्रिल १९२४ ला बेळगावजवळच्या सुळेभावीत, घरी कन्नड, नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, गायले हिंदी-मराठी आणि राहिले मध्य प्रदेशात देवासला. त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथं लहानग्या गंगूबाई हनगल गायल्या. एवढ्या मोठ्या राजकीय सभेला गाण्याची गरज का वाटली असेल? हा प्रश्न शाळेतल्या पोरांना विचारा, चर्चा छान रंगते.

आणि एक माणूस तर या सगळ्या पानाचाच पाठीराखा म्हणावा असा. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर, शिकले मिरजेला गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं. दरबारात, हवेलीत अडकलेलं गाणं त्यांनी तिकीट लावून लोकांत आणलं, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ते राजाच्या मेहेरबानीवर न ठेवता लोकांच्या देणग्यांवर चालवलं. सामान्य माणसानं गाण्यासाठी खिशात हात घालावा हे सव्वाशे वर्षांपूर्वी पटवून दिलेला माणूस आपल्या शेजारचा आहे.

इतिहास सांगताना एवढंच बघा की तो आजच्या कामाला जोडला जाईल. नुसती नावं घेतली की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. "किर्लोस्कर इथलेच, आणि आपल्या शाळेत आज एक हार्मोनियम नाही" असं जोडून म्हटलं तर कुणीतरी हार्मोनियमचं विचारतं.

आपला कार्यक्रम मराठी. मग कन्नडमध्ये पण सांगायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे, सांगायचं. यावर आपल्यात वाद होतात हे माहीत आहे आणि वाद करणाऱ्यांची कळकळ मला समजते, १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा हा भाग कर्नाटकाकडं (तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडं) गेला, तेव्हापासूनची जखम आहे ती. हक्काची मागणी हक्काच्या जागी करायचीच, राज्यघटनेचं कलम २९ आपली भाषा, लिपी, संस्कृती जपायचा हक्क देतंच आणि अर्जात ते खुशाल लिहा. खरं आपल्या भजनाचा, नाटकाचा गावाला काय उपयोग हे शेजाऱ्याला सांगायचं असेल तर शेजाऱ्याला कळेल असंच सांगायला लागणार. पत्रिकेच्या मागच्या बाजूला कन्नडमध्ये चार ओळी, काय आहे, किती वाजता, सगळ्यांना बोलावणं आहे. अर्जाची एक प्रत कन्नडमध्ये, म्हणजे टेबलावरच्या क्लार्कला ती वाचायला दुसऱ्याची वाट बघायला लागत नाही.

आणि खरं तर कला इथं कधीच एका भाषेत राहिली नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी चौंडक्याची (एका तारेच्या वाद्यावरची) गाणी दोन्ही भाषांत आहेत, देवीची गाणी म्हणणारी तीच जोगतीण सोलापूरकडच्या भक्तापुढं मराठीत गाते आणि धारवाडकडच्यापुढं कन्नडमध्ये. हलगी दोन्हीकडं हलगीच. भीमसेन जोशी गदगकडचे, त्यांच्या तोंडून अभंग ऐकताना आपण मातृभाषा विचारत बसलो नाही. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात मागावर साडी विणताना कारागीर कुठल्या भाषेत गुणगुणतो हे त्यालाच विचारा, दोन्हीतलं ऐकायला मिळेल.

पंचायतीला, महानगरपालिकेला अर्ज कसा लिहायचा?

एक पान. पहिल्या दोन ओळीत काय पाहिजे ते, हॉल पाहिजे का, लाइट पाहिजे का, अमुक रुपये पाहिजेत का. आपले अर्ज "आपल्या गौरवशाली परंपरेला अनुसरून" इथनं सुरू होतात आणि मागणी तिसऱ्या परिच्छेदात सापडते, तोपर्यंत सदस्य दुसऱ्या फाइलकडं वळलेला असतो.

असं लिहून बघा: "समाजमंदिर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी ६ ते ८ मुलींच्या लेझीम सरावाला मिळावं. आत्ता सराव रस्त्यावर होतो, अंधार पडला की पालक मुलींना पाठवत नाहीत. साफसफाई आणि कुलूप-किल्ली आम्ही बघू." यात गौरव एकदाही आला नाही, तरी वाचणाऱ्याला लगेच कळतं की गावाच्या मुलींचं काम आहे. वर एक फोटो, खाली दोन पालकांच्या सह्या. झालं.

राज्याच्या कन्नड व संस्कृती खात्याकडं, तसंच केंद्राच्या विभागीय सांस्कृतिक केंद्रांकडं पण विचारायला हरकत नाही, कर्नाटक तंजावर आणि नागपूर दोन्ही केंद्रांत येतो. मराठी मंडळाला काय मिळणार म्हणून अर्जच न करणं हे मला पटत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांकडं सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातनं समाजासाठी करायचा खर्च) मागायला गेलं तर?

२०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या यादीत कला, संस्कृती, पारंपरिक कला आणि सार्वजनिक वाचनालयं स्पष्ट लिहिलेली आहेत, त्यामुळं "हे आमच्या यादीत बसत नाही" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सातवं परिशिष्ट दाखवा. मात्र ही सक्ती मोठ्या कंपन्यांना आहे, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक तरी असलं तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. आपल्याकडच्या बहुतेक फौंड्र्या, मशीन शॉप यात येत नाहीत. त्यांना कायदा सांगायला जाऊ नका, त्यांच्या कामगारांची मुलं तुमच्या तबल्याच्या क्लासला येतात हे सांगा आणि शक्य असेल तर एकदा क्लासलाच बोलवा. मुलाचा हात तबल्यावर बसलेला बघितला की बोलणं सोपं होतं.

तरुण पोरांना डीजेच पाहिजे असतो. त्यांना कसं सांगायचं?

टोमणे मारून तर नाहीच. पोरांना आवाज पाहिजे, अंगात येणारा ताल पाहिजे, मित्रांबरोबर घाम गाळायचाय, हे सगळं झांजपथकात आहेच की. फरक एवढाच की डीजेपुढं नुसतं नाचायचं असतं आणि पथकात स्वतः वाजवायचं. झांज त्यांच्या हातात द्या, चाल त्यांना बसवू द्या, पुढारीपण त्यांना द्या. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे हे सांगायचंच, खरं ते धमकी म्हणून नको, गल्लीतली तान्ही बाळं आणि आजारी माणसं सांगून सांगा.

रील केली तर चालेल काय?

करा. पहिल्या तीन सेकंदात गाणं ऐकू यायला पाहिजे, स्वागताचे हार नकोत. लहान मुलं दिसत असतील तर पालकांना विचारून.

कोण राहून जातंय हे कसं ओळखायचं?

पत्रिका हातात घ्या आणि नावं वाचा. मिरवणुकीत सगळ्यात पुढं हलगी असते, तिच्याशिवाय पालखी हलत नाही, आणि हलगी वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेत शोधून सापडत नाही. पाहुण्यांची नावं ठळक, देणगीदार ठळक, त्यांच्या गावची, नातेवाइकांची सगळी नावं. जेवणाच्या पंगतीत तो माणूस कुठं बसला होता तेही आठवून बघा. ज्या कलेचं मोल गावाला सांगायला आपण निघालो ती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी टिकवली त्यांनाच मोल नसेल तर गावानं आपलं का ऐकावं? नाव छापा, मानधन आधी ठरवा आणि कार्यक्रम संपायच्या आत पाकीट द्या, "सेवा म्हणून या" असं म्हणू नका. बायकांचं तेच, ओव्या, फुगड्या, भजनं बायकांनी सांभाळली आणि समितीत बघावं तर सगळे अण्णा आणि काका.

मानधनाबरोबर वाद्य करणाऱ्यांचं पण बोला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन (त्या गावचीच खास वस्तू असल्याची सरकारी नोंद) मिळालं, त्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी पिकवतो. आपल्या गावात एक मैफल झाली की त्या शेतापर्यंत धागा जातो. मैफली थांबल्या की पहिला फटका त्या कारागिराला, आणि त्याच्या पोरानं एकदा हत्यारं खाली ठेवली की ती विद्या परत मिळवणं फार अवघड आहे.

"हाच पैसा शाळेच्या छपरात घाला" असं कुणी म्हणालं तर?

कधी कधी त्याचं खरं असतं. पावसात वर्गात पाणी गळत असेल तर त्या वर्षी मंडप लहान करा आणि तसं सभेत जाहीर सांगा, मंडळाची इज्जत वाढते. मात्र दरवर्षी हेच ऐकवत असतील तर विचारा, छप्पर दुरुस्त झाल्यावर त्या शाळेत मुलं काय करणार? गाणार, नाटक बसवणार, चित्र काढणार की नाही? छप्पर आणि गाणं एकमेकांच्या ताटातलं ओढून घेत नाहीत, दोन्हीसाठी एकत्र मागायला गेलात तर शिक्षक आणि पालक तुमच्या बाजूनं उभे राहतात.

कार्यक्रम झाला, आता पुढं काय?

आठ दिवसांच्या आत हिशोबाचा एक कागद देवळाच्या आणि वाचनालयाच्या बोर्डावर लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. जमा किती, खर्च कुणाला किती, शिल्लक किती, किती लोक आले, कुठल्या गल्लीतनं आले नाहीत. खाली प्रेक्षकांपैकी दोघा-तिघांचं म्हणणं त्यांच्याच शब्दात, सुधारून लिहू नका, आजी "झोपच आली नाही बघ रात्री" म्हणाल्या असतील तर तसंच. जे आले नाहीत त्या गल्लीत समितीतल्या दोघांनी चहाच्या वेळेला जाऊन यायचं, पावती पुस्तक घरी ठेवून, आणि का आला नाहीत ते नुसतं ऐकून घ्यायचं. पुढच्या कार्यक्रमाची तारीख त्यानंतर ठरवा.